यंत्रे चालवू नयेत

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. मी स्वतः तिथं हजर होतो. (म्हणजे अगदी तिथं नाही. पण भिंतीला कान लावला की त्या घरातलं सगळं ऐकू येतं, आणि जे ऐकू येत नाही ते मला सुचतं.) तेव्हा पंचाहत्तर टक्के खरी धरा. बरं, साठ. त्याच्या खाली मी उतरणार नाही.

तर नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये एक कारकून होते. ऑफिसात त्यांना सगळे ‘परिपत्रक’ म्हणत, कारण छापलेल्या कागदावर या गृहस्थांची आंधळी श्रद्धा. जिन्यात ‘डावीकडून चाला’ अशी पाटी लागली, त्या दिवसापासून समोरून साहेब आले तरी हे उजवीकडे सरकले नाहीत. साहेबच भिंतीला चिकटून उभे राहायचे.

आठ दिवस शिंका थांबेनात म्हणून डॉक्टरांनी त्यांना दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. सोमवारी सकाळी पहिली गोळी घेताना परिपत्रकांनी एक लहानसा निर्णय घेतला. खोक्यातला कागद वाचायचा.

आता तो कागद जगात कोणी वाचतं का? लोक तो खणात अंथरतात, डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घालतात, घाईत त्यावर फोन नंबर लिहून घेतात. परिपत्रकांनी मात्र तो उघडायला घेतला. एक घडी उघडली, दुसरी उघडली, अकराव्या घडीला पलंग झाकला गेला आणि उशा दिसेनाशा झाल्या. अक्षरं अशी की मुंग्यांची पलटण कवायत करतेय. भिंग घेऊन ते पलंगावर रांगत निघाले आणि उशाशी पोचले तेव्हा ठळक टायपात एक ओळ सापडली: ‘हे औषध घेतल्यावर गुंगी येऊ शकते. वाहन अथवा यंत्रे चालवू नयेत.’

नेमक्या त्याच क्षणी बायकोची हाक आली, “अहो, मशीन लावा हो! कपडे टाकलेत मी, नुसतं बटण दाबायचंय.”

परिपत्रकांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला.

“अगं, मला नाही चालवता येणार.”

“का? बोट दुखतंय?”

“यंत्र आहे ते.”

“मग कालपर्यंत काय होतं, मांजर?”

“थट्टा नको. छापलेलं आहे. यंत्रे चालवू नयेत.”

बायको आली, कागदाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही. ती छापखान्यात प्रुफं तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारी बाई घरात गप्प राहते, तेव्हा नवऱ्यानं सावध व्हायला हवं. परिपत्रकांनी तो होकार समजला.

मंगळवारी मिक्सर आणि इस्त्री हीही यंत्रंच निघाली. बुधवारी सासूबाई येणार होत्या. त्यांना आणायला स्कूटर काढायची, तर स्कूटर म्हणजे वाहनही आणि यंत्रही, दुहेरी मनाई. सासूबाई दोन पिशव्या आणि एक सुटकेस घेऊन बसनं आल्या. दाराची घंटा वाजवून दमल्या, तरी परिपत्रक दाराशी न येता आतूनच ओरडत होते, “दार उघडंच आहे, पण घंटा विजेवर चालते, मी तिच्यापासून लांब आहे!”

“जावईबापू, बरं नाही वाटतं?” सासूबाईंनी विचारलं.

“बरं आहे. मनाई आहे.”

ऑफिसातही तो कागद ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून घेऊन गेले. झेरॉक्सच्या मशीनजवळ जायचं नाही म्हटल्यावर दुपारपर्यंत सगळ्या खात्याला त्या कागदाची एकेक प्रत हवीशी झाली. पण प्रती काढणार कोण? ज्याला त्याला मनाई लागू करून घ्यायची होती. शेवटी लिफ्टमननं काढून दिल्या.

हा लिफ्टमन साधा नव्हे. ऑफिसच्या बुद्धिबळ स्पर्धेत तो सात वर्षं अजिंक्य होता. दोन मजल्यांच्या मध्ये डोक्यात डाव मांडायचा. परिपत्रक सात वर्षं त्याच्यापर्यंत पोचायला धडपडत होते आणि यंदा कधी नव्हे ते फायनलला आले होते. शनिवारी दुपारी सामना. ढाल ठेवायला त्यांनी कपाटातला एक कप्पा रिकामा करून पुसून ठेवला होता. रोज संध्याकाळी त्या रिकाम्या जागेकडे बघत ते चहा प्यायचे.

गुरुवारी संध्याकाळी बायको त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं तो कागद मागितला.

“मागची बाजू वाचलीत?”

“मागची बाजू असते?”

तिनं कागद उलटा केला. भिंग नाही, काही नाही. “ ‘एकाग्रता मंदावू शकते. विचारपूर्वक निर्णय घेण्याची कामे टाळावीत.’ ” मग अगदी गोड आवाजात विचारलं, “शनिवारी काय आहे हो तुमचं?”

परिपत्रकांनी कप बाजूला सारला.

“अगं, बुद्धिबळाला कुठे विचार लागतो?”

“नाही लागत?”

“मी कधी केलाय का? माझा खेळ पाहिलायस तू!”

“हे मात्र खरं आहे,” आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या.

“नाही हो, जिवाशी खेळ नको,” बायको म्हणाली. “छापलेलं आहे. मी उद्या तुमच्या साहेबांना फोन करून कळवते. आणि तो रिमोट खाली ठेवा. यंत्र आहे.”

“ ‘शकते’ लिहिलंय!” परिपत्रक उठून उभे राहिले. “गुंगी येऊ शकते, येतेच असं नाही!”

“मग तुम्हाला येते का?”

इथं माणूस पुरता अडकला. येते म्हणावं तर सामना गेला. येत नाही म्हणावं तर मशीन आलं. शेवटी ते म्हणाले, “सकाळी थोडी येते. शनिवारी दुपारी येत नाही.”

सासूबाई आत इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

शुक्रवारी सकाळी परिपत्रक धावतच औषधांच्या दुकानात. दुकानदारानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, गुंगी आली तर चालवायचं नाही. येते का तुम्हाला?”

“अजिबात नाही.”

“मग चार दिवस काय केलंत?”

“ते राहू दे. लेखी द्या.”

त्यानं कागदी पिशवीवर लिहून दिलं: ‘यांना गुंगी येत नाही. सर्व यंत्रे चालवू शकतात.’ खाली दुकानाचा शिक्काही मारून घेतला परिपत्रकांनी. (शिक्क्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.)

बायकोनं पिशवी वाचली. “वा! मग खेळा की शनिवारी, माझी कुठे ना आहे?” आणि तिनं न्हाणीघराचं दार उघडलं. सोमवारपासूनचे कपडे तिनं साठवून ठेवले होते. नुसते अंगावरचे नाहीत. पडदे होते, चादरी होत्या, सोफ्याचे अभ्रे होते, सासूबाईंची अख्खी सुटकेस होती.

परिपत्रकांनी ऑफिसात रजा कळवली. त्या दिवशी मशीन सहा वेळा फिरलं. सत्तावीस कपड्यांना इस्त्री झाली. मिक्सर, पंख्यांची सफाई, शिवणाच्या मशीनला तेल. शनिवारी उजाडताच स्कूटर, मागे सासूबाई: चष्म्याचं दुकान, शिंपी, एक मैत्रीण, परत चष्म्याचं दुकान, कारण चष्मा मैत्रिणीकडे राहिला होता. “जावईबापू, गुंगी नाही ना येत?” प्रत्येक वळणावर त्या काळजीनं विचारायच्या आणि खांदा गदागदा हलवायच्या.

दुपारी सामना सुरू झाला. सगळं ऑफिस गोळा झालेलं, साहेब पंच. बाराव्या चालीला परिपत्रकांनी घोडा उचलला, हवेत धरला, आणि कपाळ अलगद पटावर टेकलं. दोन प्यादी आणि एक उंट गालाला चिकटले. घोरण्याचा आवाज आला. लिफ्टमननं बिचाऱ्यानं दहा मिनिटं वाट पाहिली, मग हळूच म्हणाला, “साहेब, गोळी चालू आहे त्यांची.”

सगळ्यांच्या खिशात प्रत होतीच. साहेबांनी ती वाचली, उलटी करून मागूनही वाचली, आणि निकाल दिला: या माणसानं विचारपूर्वक निर्णय घ्यायचेच नव्हते, तेव्हा त्याच्या बाराही चाली रद्द. ढाल आठव्यांदा लिफ्टमधून वर गेली.

आता कबूल करून टाकतो. कपडे, पडदे, सासूबाई, कागदी पिशवी, सगळं खरं. झोपेचा भाग तेवढा मी रचला. गृहस्थ सामन्यात टक्क जागे होते. डोळे ताठ, मेंदू तल्लख, दोन कप चहा पोटात. आणि चौथ्या चालीला मात झाली. ज्या डावाला शाळेतली पोरंसुद्धा फसत नाहीत, त्या डावात. घरी आल्यावर तो सबंध कागद पुन्हा पलंगभर पसरून दुष्परिणामांच्या यादीत हे कुठे बसतं का, ते मी तासभर शोधत होतो.

म्हणजे, ते शोधत होते.