पंगतीतून उठायचं नाही

गोदाकाकूंसमोर मीटिंगमधून मध्येच उठायची सोय नाही. मग तुम्ही पोलीस असा, औषध खात्याचे साहेब असा, नाहीतर माझ्यासारखी पत्रकं वाटणारी पोरगी. खुर्ची सरकल्याचा आवाज आला की काकू चष्म्यावरून बघतात. "हे पंगत व्हय, साहेब. मधातून उठत नसतात."

काकू अमरावतीच्या बाजारात फुलं विकतात. नशेच्या गोळ्यांविरुद्ध सगळ्या खात्यांची मिळून जी समन्वय बैठक भरते, तिच्यात त्या आमच्या मोहल्ल्याच्या प्रतिनिधी. मांडीवर शेवंतीची पिशवी आणि जागा कायम दाराला लागून, म्हणजे पळणारा त्यांना ओलांडूनच पळेल. चहाला मात्र कधी हात लावत नाहीत. मला वाटायचं, सरकारी चहाचा निषेध असेल. मी तो पत्रकात छापणारही होते.

परवाची बैठक एका खोक्यावर अडली. गुंगीच्या गोळ्यांचा खोका घेऊन एक ट्रॅव्हल्स अकोल्याहून निघालीय, ही खबर पक्की होती. पोलीस म्हणाले, गोळ्या म्हणजे औषध खातं. औषध खातं म्हणालं, गाडी थांबवणं पोलिसांचं. अकोल्याचे साहेब म्हणाले, माल उतरणार अमरावतीत. अमरावतीचे म्हणाले, चढला तर अकोल्यात ना! 'आमच्याकडे येत नाही' हे वाक्य पाण्याच्या तांब्यासारखं टेबलाभोवती फिरलं.

काकूंनी विचारलं, "तुमच्याकडं येत नाई, त्यायच्याकडं येत नाई. मंग माह्याच घरी कावून येते?"

एका साहेबांना अचानक दुसरी मीटिंग आठवली आणि माझं डोकं फिरलं. यापेक्षा रस्त्यावर बसलेलं बरं, असं सगळ्यांना ऐकवून मी उठले. काकूंनी माझं मनगट धरलं.

"बस, पोरी. माहा पोरगा सोपान असाच उठला होता, अर्ध्या ताटावरून. दोस्तानं हाक मारली. म्या अडवलं नाई, म्हटलं येतेच तो आत्ता." मग आवाज खाली गेला. "दवाखान्यातून त्याले झाकून घरी आनलं, तवा ताट तसंच होतं."

मी बसले. दुसरी मीटिंगवाले साहेबही बसले. अकोल्यानं गाडीचा नंबर अमरावतीला दिला, औषध खात्यानं फोन करून आपला माणूस पोलिसांच्या जीपमध्ये चढवला आणि बडनेऱ्याच्या अलीकडे खोका सापडल्याचा फोन येईपर्यंत एक खुर्ची हलली नाही. बैठकांनी काय होतं, असं हसून विचारणाऱ्यांनो, होतं. बूड टेकून बसलं तर होतं.

सगळे गेल्यावर काकूंनी साय धरलेला चहा पुढे ओढला. मी म्हटलं, काकू, तुम्ही तर इथला चहा घेत नाही.

"वाढनारी शेवटी बसते, पोरी. आजलोक पंगत पुरी झालीच कुठी?"

त्यांनी चहा बशीत ओतला. पार गार झाला होता, तरी किती तरी वेळ त्यावर फुंकर घालत बसल्या.