विल्फचा डावा पाय

निवृत्तीच्या दिवशी मुलीने दिलेला स्मार्टफोन विल्फने एकदा चालू करून पाहिला, परत खोक्यात घातला आणि जाहीर केलं, “हे लोढणं मी गळ्यात अडकवून घेणार नाही.” त्याऐवजी त्याने एक तळहातावर मावणारा कॉम्प्युटर घेतला. चष्म्याच्या डबीसारखा उघडायचा आणि आत मुगाच्या दाण्याएवढी बटणं होती.

“उद्या माझ्याकडे फोन सापडला, तर जन्मभर भांडी मी घासीन!” त्याने बायकोला ठणकावलं.

डोरीनने ते कॅलेंडरच्या मागे लिहून त्याची सही घेतली. (चाळीस वर्षं मास्तरकी केलेली बाई. लेखी असल्याशिवाय तिचा कशावरच विश्वास नसे.)

घोळ तिसऱ्याच आठवड्यात झाला. त्या कॉम्प्युटरला घराबाहेर इंटरनेट मिळेना. भर पावसात बस थांब्यावर उभं राहून ‘कॉम्प्युटर’ म्हणत ती डबी हलवण्यात काही अर्थ नव्हता. मग विल्फने गुपचूप खोक्यातला फोन काढला आणि डाव्या मोज्यात खुपसला. मोज्यातून फोन इंटरनेट पुरवायचा, टेबलावर कॉम्प्युटर ऐटीत चालायचा. फोन हातात धरला नाही म्हणजे तो वापरला नाही, असं विल्फचं प्रामाणिक मत होतं.

फक्त त्या फोनचा कोपरा घोट्याला बोचायचा आणि विल्फ लंगडायचा. डोरीनला वाटलं, संधिवात. दोन वर्षं ती रोज रात्री त्या पायाला मलम चोळत होती. विल्फला मनातून फार लाज वाटायची. (पण पायाला बरं वाटायचं, हेही खरं.)

गावात बेरिलच्या पबमध्ये दर बुधवारी संध्याकाळी क्विझ असे. सुरू होण्याआधी सगळ्यांचे फोन बर्फाच्या रिकाम्या बादलीत जमा करायचे, हा नियम. वर्षाच्या शेवटच्या बुधवारी बक्षीस म्हणून मटणाची अख्खी तंगडी असे. ती बार्नी खाटीक देणगी म्हणून द्यायचा, दरवर्षी स्वतःच जिंकायचा आणि घरी घेऊन जायचा. डोरीनचा संघ अकरा वर्षं दुसरा येत होता. यंदा मात्र शेवटच्या फेरीआधी ती चक्क दोन गुणांनी पुढे होती.

तेवढ्यात बार्नी उठला. “बेरिल, नियम सगळ्यांना सारखा ना? मग विल्फचा तो फोन टेबलावर कसा?”

“हा फोन नाही!” विल्फ ताडकन उभा राहिला.

“विल्फ, टाक ना बादलीत,” डोरीन दबक्या आवाजात म्हणाली. “दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे.”

“टाकला तर तो फोन ठरेल.”

“ठरू दे! मला ती तंगडी हवीय.”

“डोरीन, तंगडी मोठी की तत्त्व?”

“तंगडी!”

विल्फने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. (डाव्या मोज्यात खराखुरा फोन घेऊन तत्त्वावर भाषण द्यायला काळीज लागतं.) “याला सिम नाही, नंबर नाही. याच्यावर जगातला एकही माणूस मला गाठू शकत नाही!”

“मग मलाही एक आण,” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

बेरिलने भिंतीवरची नियमावली दोनदा वाचली. “राजा, इथे फोन लिहिलंय, कॉम्प्युटर नाही. झाकण बंद ठेव आणि बस खाली.”

विल्फ जिंकला होता. इथे त्याने बसायला हवं होतं. पण दोन वर्षं ज्यांनी त्याची टिंगल केली, ते सगळे समोर बसले होते.

“बंद का? डोळे उघडून बघा सगळे!” असं म्हणत त्याने झाकण उघडलं आणि कॉम्प्युटर बार्नीच्या नाकाशी धरला.

बार्नीने चष्मा लावला आणि पडद्यावरची ओळ सावकाश, मोठ्याने वाचली. “विल्फचा फोन. जोडलेला आहे. बॅटरी चौदा टक्के.”



“कुठला फोन?” डोरीनने विचारलं.

 विल्फची नजर नकळत खाली, डाव्या पायाकडे गेली. डोरीनचीही गेली.

“मोजा काढ,” ती म्हणाली.

फोन बादलीत गेला, डोरीनचा संघ बाद झाला आणि बाराव्या वर्षीही बार्नी आपलीच तंगडी खांद्यावर टाकून निघाला. “मी त्या फोनवरून एकही फोन केलेला नाही!” विल्फ त्याच्या पाठीमागे ओरडला. “माझा कॉम्प्युटर हा कॉम्प्युटरच आहे!”

घरी आल्यावर डोरीनने कॅलेंडर उलटं करून मोरीवर टांगलं. विल्फनेही मान ताठ ठेवून बाह्या सरसावल्या. घासलेल्या ताटल्या उचलून तो कपाटाकडे निघाला.

“आता कशाला लंगडतोस? मोजा रिकामा आहे ना?”

विल्फने खाली पाहिलं. मोजा रिकामाच होता. त्याने सरळ चालून पाहिलं, जमेना. दोन वर्षं लंगडून पाय आता खरोखरच दुखायला लागला होता.

“डोरीन,” तो हळूच म्हणाला, “ते मलम जरा...”

“फळीवर आहे,” डोरीन म्हणाली. “तुझ्या कॉम्प्युटरला सांग चोळायला.”