निंबा आबांनी पाहिलेली टेकडी

निंबा आबांना कुणी विचारलं, "घरमालकिणीचा ताप उतरला का हो?" तर ते आधी थांबत, आठवत आणि मग सांगत, "सकाळी साडेसहाले उतरेल व्हता. मी पाह्यलं तव्हा."

"आणि आता?"

"आत्ते मी इथं शे. ताप तिथं शे."

हा माणूस डोळ्यांनी न पाहिलेलं काहीही बोलत नसे. आमचा हमाल रघुनाथ त्यांना मुद्दाम छेडायचा. "आबा, चहावाला आला का?" आबा खिडकीतून बघून सांगायचे, "सायकल येल शे." "आणि चहावाला?" "तो सायकलमांगे असावा. मले नुसतं चाक दिसतं." एकदा रघुनाथने विचारलं, "आबा, तुमचं लग्न खरंच झालं होतं का?" आबा गंभीरपणे म्हणाले, "झालं. मी तिथंच व्हतो."

मी तेव्हा जळगावच्या धावपट्टीवर एका छोट्या विमान कंपनीचा स्टेशन इन्चार्ज होतो. साल पंच्याऐंशीच्या आसपासचं. स्टेशन म्हणजे दोन खोल्या, एक वायरलेस, सामानाचा वजनकाटा आणि गच्चीवर जायला लोखंडी शिडी. रोज सकाळी मुंबईहून अठरा आसनांचं विमान यायचं आणि अर्ध्या तासाने परत जायचं. गच्चीवर उभं राहून किती लांबचं दिसतं ते सांगायचं, हे आबांचं काम. त्यासाठी तीन खुणा ठरलेल्या होत्या. कापसाच्या जिनिंग कारखान्याची चिमणी एक किलोमीटरवर, पाण्याची टाकी अडीचवर आणि वर एकच कडुनिंब असलेली टेकडी पाचावर. टेकडी दिसली तर विमानाने उतरायचं, नाही तर मुंबईला परत.

साठीकडे झुकलेल्या या माणसाची नजर घारीची होती. महामार्गावरून एसटी गेली की ते गच्चीवरून सांगत, "अमळनेर डेपोनी शे. मांगच्या काचेले पत्रा ठोकेल शे." रघुनाथ दोनदा सायकल मारत नशिराबादच्या थांब्यापर्यंत खात्री करायला गेला आणि दोन्ही वेळा चहाची पैज हरून आला.

आबा मूळचे नरडाण्याकडचे. गावी दोन भाऊ, पण बोलणं बंद. कारण विचारलं तेव्हा त्यांनी ते जिनिंगच्या चिमणीबद्दल सांगावं तसं सांगितलं. शेजाऱ्याने शेताचा बांध सरकवला म्हणून भावांनी दावा लावला आणि आबांना साक्षीला उभं केलं. वकिलाने विचारलं, "बांध सरकवताना तुम्ही पाहिलंत?" आबा म्हणाले, "नही. आधी बांध तिथं पाह्यला, मंग इथं पाह्यला. सरकताना नही पाह्यला." दावा गेला, जमीन गेली. भाऊ म्हणाले, एवढं 'हो' म्हणायला तुझं काय जात होतं? आबांनी घर सोडलं आणि नशिराबादला खोली घेतली. बायको आधीच वारलेली. मूलबाळ नव्हतं.

आता थोडं विमानांच्या धंद्याबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. तिकिटावर नाव मोठ्या कंपनीचं असायचं. तिची जेट विमानं आमच्या पट्टीवर उतरू शकत नव्हती, आणि उतरली असती तरी एवढ्याशा उतारूंत परवडली नसती. म्हणून तिने ही फेरी आमच्या छोट्या कंपनीला लावून दिली होती. करार असा, की विमान पोचलं तर फेरीचे ठरलेले पैसे, मग ते भरलेलं असो की रिकामं. नाही पोचलं तर काहीच नाही. वैमानिकांचे पगार आणि विमानाचं भाडं मात्र चालूच. आणि एका महिन्यात चार फेऱ्या बुडाल्या तर मार्गच दुसऱ्या कुणाला तरी जाणार. आमच्या कंपनीने जमिनीवरची किरकोळ कामं पुढे एका ठेकेदाराला दिली होती. निंबा आबा त्या ठेकेदाराचे रोजंदार.

मी हे आबांना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "म्हंजे केळीना ट्रकवानी. माल दिल्लीले टायमावर पोचला तं भाडं पुरं. डायवर झोपला का, हे कोनी इचारत नही."

मी हसलो. ही उपमा मी मुंबईच्या मॅनेजरांनाही सांगितली. तेही हसले.

त्या जानेवारीत धुक्याने तीन फेऱ्या बुडाल्या होत्या. महिना संपायला पाच दिवस होते. सकाळी सातला मॅनेजरांचा फोन आला.

"सोनवणे, पट्टी साफ आहे ना?"

"धुकं आहे साहेब."

"मी पट्टीचं विचारलं."

"पट्टी साफ आहे."

"मग झालं तर. धुकं काय, विमान पोचेपर्यंत उठतं. चौथी बुडाली तर तुमचं स्टेशन मला वाचवता येणार नाही." आणि फोन ठेवताना, अगदी घरच्यासारखं म्हणाले, "बघा काय ते."

आठला धुकं होतं. सव्वाआठला होतं. मी चार वेळा बाहेर जाऊन आलो. साडेआठला विमानाची घरघर ऐकू आली, दिसलं काहीच नाही. वायरलेसवर वैमानिकाने विचारलं, किती दिसतंय. मी त्याला थांबायला सांगितलं. वायरलेसचं टेबल शिडीच्या अगदी खाली होतं, आणि गच्चीत उघडणारं वरचं झाकण उघडं होतं.

"आबा, टेकडी?"

"दिसत नही."

"टाकी?"

"नही."

"चिमणी तरी?"

"अर्धी शे. खालची अर्धी."

"नीट बघा आबा. झाड तरी दिसत असेल."

"सायेब, बठ्ठं धवळं शे."

वैमानिकाने पुन्हा विचारलं. त्याच्याकडे आणखी एक घिरटी घालण्यापुरता वेळ होता, मग त्याला परतावं लागलं असतं. रघुनाथ दारात सामानाची गाडी धरून उभा होता. मी वर पाहिलं. झाकणातून आबांचा चेहरा खाली माझ्याकडे बघत होता. त्यांच्या डोळ्यांत बघत मी बटण दाबलं आणि म्हणालो, "पाच किलोमीटर. टेकडी दिसतेय."

आबांनी डोकं वर घेतलं आणि पुन्हा पांढऱ्याकडे तोंड करून उभे राहिले.

मी इथे घरच्या अडचणी सांगू शकतो. त्या होत्या. पण रघुनाथला माझ्याहून जास्त होत्या, आणि वायरलेसचं बटण त्याने दाबलं नव्हतं.

विमान धुक्यातून बाहेर पडलं तेव्हा पट्टीचा निम्म्याहून जास्त भाग मागे गेला होता. चाकं टेकली, किंचाळली, आणि विमान पट्टी संपल्यावरही थांबलं नाही. तुरीच्या शेतात ते नाकावर बसलं. आम्ही तिघंही धावलो. अकरा उतारू होते. एका बाईंचा हात मोडला, बाकीचे चालत बाहेर आले. सहवैमानिकाला आम्ही विमानाच्या निखळलेल्या दारावर झोपवून आणलं. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता. त्याच्या कमरेला जे लागलं ते पुन्हा नीट झालं नाही, आणि तो पुन्हा उडाला नाही.

दुपारी, सगळे पांगल्यावर, मी रोजच्या नोंदवहीत 'दृश्यता पाच किमी' असं लिहिलं.

चौकशीला तीन साहेब आले. मोठ्या कंपनीचे साहेब म्हणाले, तिकीट आमचं, पण उड्डाण आमचं नाही. आमच्या कंपनीचे म्हणाले, उड्डाण आमचं, पण निरीक्षक ठेकेदाराचा. तिसरे सरकारी होते, ते लिहून घेत होते. टेकडी दिसते हे वैमानिकाला मी सांगितलं, याबद्दल वाद नव्हता. प्रश्न एवढाच होता, की मला ते कुणी सांगितलं. रघुनाथला कुणी बोलावलंच नाही.

"निरीक्षकाने सांगितलं तेच मी सांगितलं," मी म्हणालो.

दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावर निंबा आबा बसले होते. माझं वाक्य त्यांना ऐकू गेलं, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

मग त्यांना आत बोलावलं. हा माणूस आता काय म्हणणार ते मला शब्दान् शब्द माहीत होतं. ज्याने सख्ख्या भावांसाठी एक 'हो' म्हटलं नाही, तो माझ्यासाठी काय म्हणणार?

"तुम्ही टेकडी पाहिलीत?" सरकारी साहेबांनी विचारलं.

आबांनी नेहमीसारखं थांबून घेतलं.

"पाह्यली."

"किती वाजता?"

"आठ पस्तीसले."

"स्पष्ट?"

"झाडासकट."

माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. बाहेर पडताना त्यांनी दार हळू लावून घेतलं.

अहवालात 'निरीक्षकाची दृष्टी सदोष' असं नमूद झालं. त्यांचे डोळे कुणी तपासले नाहीत. ठेकेदाराने त्यांना त्याच आठवड्यात काढून टाकलं. मार्ग काही महिने आमच्याकडेच राहिला आणि त्यानंतर कंपनीच बंद पडली. चौकशीत मी स्वच्छ निघालो होतो, म्हणून मोठ्या कंपनीने मला मुंबईला घेतलं. तिथूनच मी निवृत्त झालो.

आबा गेल्याचं मला गेल्या वर्षी कळलं. म्हणून आता लिहून ठेवतो. त्या सकाळी आठ पस्तीसला टेकडी दिसत नव्हती. टाकीही दिसत नव्हती. निंबा आबांनी तसं मला स्पष्ट सांगितलं होतं. त्यांची नजर उत्तम होती. खोटं मी बोललो, आणि नोंदवहीतला आकडाही माझ्याच हातचा.

हे त्यांच्या हयातीत लिहायला हवं होतं. एकदा प्रयत्न केला होता. नव्वदनंतर धुळ्याला एका लग्नाला गेलो असताना कळलं, की आबा नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकावर राखणदार आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथे गेलो. फाटकाला लागून पत्र्याची खोली होती. त्यांनी मला लांबूनच ओळखलं.

"सायेब, तुम्ही बारीक झालात."

मी उभ्यानेच सगळं बोलून टाकलं. म्हणालो, मी पत्र लिहितो, खरं काय ते कळवतो. त्यांनी विचारलं, "कोनले?" आमची कंपनी राहिली नव्हती, ठेकेदाराचा पत्ता नव्हता, आणि मोठी कंपनी म्हणणार, ते उड्डाण आमचं नव्हतंच.

"राहू द्या," आबा म्हणाले. "बसा."

"पण तुम्ही तसं का सांगितलंत? भावांसाठी नाही सांगितलंत ते."

आबांनी फाटकाकडे पाहिलं. "भावांच्या टायमाले मी खरं बोललो. ते खरंच व्हतं, त्याचं मले काही नही. पण त्यानंतर कित्येक वरीस मन्हासंगे कोनी जेवलं नही. तुमच्याकडे आलो तं पहिल्याच दुपारी तुम्ही डबा उघडला नि म्हटलं, आबा, सरका इकडे. मंग रोजच." मग म्हणाले, "मी म्हटलं, ते परत जायाले नको."

मला ती पहिली दुपार आठवत नव्हती. आजही आठवत नाही.

"पण गेलंच ना आबा. नोकरी गेली, आम्ही सगळे गेलो. मी इतकी वर्षं फिरकलोही नाही."

"ते मले तव्हा दिसलं नही," आबा म्हणाले.

मग ते उठले. स्टोव्हजवळ भाकरी होती, थोडी शेवभाजी होती. खोलीत ताट एकच होतं. ते त्यांनी धुऊन माझ्यासमोर ठेवलं, आणि स्वतः पातेल्याच्या झाकणात वाढून घेतलं. मला भूक नव्हती. तरी मी बसलो, आणि लहान लहान घास करून जेवत राहिलो. त्यांची भाकरी संपेपर्यंत माझी संपू नये, एवढंच मी बघत होतो.