कमरेच्या उंचीचा पाइप

सासऱ्यांच्या घरचा बॉयलर तपासायला तपासनीस जावयालाच धाडावं, ही बुद्धी फक्त ऑफिसलाच सुचू शकते. निघताना बायकोनं बजावलं होतं, "बाबांना नापास करणार असशील तर जेवूनही तिकडूनच ये. वाढतील का, ते मात्र आधी विचार."

मागच्या दाराशी जावई थबकला. बॉयलरचं जादा गरम पाणी बाहेर सोडणारा पाइप कमरेच्या उंचीवर भिंतीतून निघाला होता आणि तोंड वासून थेट पायरीकडे बघत होता. खाली बादली. तिच्यात टप्‌ टप्‌ वाफाळते थेंब.

"बाबा, हे तोंड जमिनीलगत हवं, भिंतीकडे वळलेलं. आणि थेंब गळतोय म्हणजे आतला व्हॉल्व्ह गेलाय."

"मला सांगताय? चाळीस वर्षं नळकाम केलं. तुम्हाला पाना धरायला कोणी शिकवलं, जावईबापू?"

"तुम्हीच. म्हणून तर विचारतोय."

सासऱ्यांनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला. "तुमच्या सासूबाईंची कंबर धरते. ऊन पाणी आयतं हाताशी यावं म्हणून व्हॉल्व्ह मीच जरा सैल ठेवलाय. बोलू नका कुठं."

जावयाचं पेन हवेतच राहिलं. नियमांच्या पुस्तकात कमरेचा उल्लेख नव्हता. नापास लिहावं तर म्हाताऱ्याचं चाळीस वर्षांचं नाव जाणार. न लिहावं तर उद्या याच पायरीवर सासूबाई भाजणार.

"पाइप बसवून अकरा वर्षं झाली, कधी पाणी जोरात आलं नाही," म्हणत सासरे पाइपासमोर ठाण मांडून उभे राहिले.

"बाबा, सरका."

"नाही सरकत."

जावयाला हातपाय धुवायला कडक पाणी हवं म्हणून सासूबाईंनी मघाशीच बॉयलरचा काटा शेवटापर्यंत फिरवला होता. ते प्रेम आता फळाला आलं. भिंत गुरगुरली, पाइप खाकरला. जावयानं सासऱ्यांना उचललं, गर्रकन फिरवलं आणि दोघे धुण्याच्या दगडावर चढले. फस्सकन झोत आला, बादली आडवी झाली, तपासणीचा कागद भिजला आणि सासऱ्यांच्या चपला अंगण हिंडायला निघाल्या.

आवाज ऐकून सासूबाई दारात आल्या. दगडावर एकमेकांना बिलगलेले सासरे-जावई त्यांनी निवांत न्याहाळले.

"तुझी बादली सांडली," सासरे ओशाळून म्हणाले.

"बरं झालं. रोज भरलेली बादली उचलून मोरीत ओतायची. त्यानंच तर कंबर धरते."

"ओततेस? वापरत नाहीस?"

"गंजाचा वास मारतो त्याला."

"मग अकरा वर्षं गप्प का बसलीस?"

"एवढ्या हौसेनं केलंत. कसं बोलायचं?"

सासरे दगडावरून खाली उतरले. ओला कागद सदऱ्याला टिपून त्यांनी जावयापुढे धरला. "लिहा, नापास. खाली लिहा, दुरुस्ती उद्या सकाळी."

"मिस्त्रीचं नाव लागतं, बाबा."

"कुणाचंही घाला," सासूबाई म्हणाल्या, "यांचं तेवढं नको. पुन्हा माझी सोय बघतील."