बडीशेपेसह परत

गेलेलं परत येत नाही, असं मोठी माणसं सांगून गेली आहेत. मोठी माणसं जुने कपडे ऑनलाइन विकत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

नाशिकच्या इंदिरानगरात राहणाऱ्या छायाला हे अण्णांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, तेराव्यानंतर कळलं. कपाट रिकामं करायचं ठरलं होतं. धाकटा भाऊ मयूर याने तिच्या फोनवर जुने कपडे विकायचं ॲप टाकून दिलं आणि ‘आता तूच बघ, ताई’ असं म्हणून तो जड अंतःकरणाने पुण्याला निघून गेला.

पहिला शर्ट देवळाली कॅम्पला गेला आणि त्याच आठवड्यात परत आला. कारण : कॉलर सैल. कुरिअरवाल्याने बेल वाजवली, छायाने दार उघडलं. अण्णाही फिरून असेच यायचे, थोडे चुरगळलेले आणि काहीतरी तक्रार घेऊन. तिने शर्ट आत घेतला, इस्त्री केली, आणि त्या क्षणी तिला ‘रिटर्न’ या व्यवस्थेचा मोठेपणा पटला. डॉक्टर, नवससायास आणि मयूर यांपैकी कुणालाही न जमलेली गोष्ट या व्यवस्थेने घरपोच करून दाखवली होती.

पुढचा कारभार रीतसर झाला. प्रत्येक कपड्याचं माप काळजीपूर्वक चुकीचं टाकण्यात आलं. फोटो ट्यूबलाइटखाली काढले गेले, त्यामुळे राखाडी शर्ट निळा दिसे आणि निळा शर्ट कुठल्याच रंगाचा दिसत नसे. परतीचं प्रमाण शंभर टक्क्यांवर पोचलं. (एकदा त्याच्याही वर गेलं, एका गिऱ्हाइकाने अण्णांच्या पँटबरोबर स्वतःचीही एक पाठवली.) कारणंही वाचनीय असत. मालेगावच्या एकाने लिहिलं, ‘शर्ट बरा आहे, पण घातला की घरभर फिरून दिवे बंद करावेसे वाटतात.’ ही अण्णांचीच सवय असल्याने तक्रार तत्काळ मंजूर झाली आणि नंतर बऱ्याचदा वाचली गेली.

अण्णांच्या प्रत्येक खिशात बडीशेप असे. एका गिऱ्हाइकाने खिसा झटकून शर्ट परत केला, तेव्हा छायाने नियम केला : माल गेला त्याच स्थितीत, खिशातील बडीशेपेसह परत यावा, अन्यथा स्वीकारला जाणार नाही. नियम कडक होता. गिऱ्हाइकं बडीशेप कागदात बांधून पाठवू लागली. (एकाने धनाडाळ पाठवली. समज देऊन स्वीकारण्यात आली.)

मयूरचा फोन आला. “ताई, तुझं रेटिंग बघितलंस का?”

“बघितलं. स्थिर आहे.”

“एकवर स्थिर आहे. आणि कपाट?”

“भरलेलं आहे. धंदा जोरात आहे.”

या यशाच्या भरात तिने अण्णांचा कथ्थी स्वेटर विक्रीला काढला. बिनबाह्यांचा, दोन खिशांचा, निलगिरी तेलाच्या वासाचा. हा तिने आजवर कपाटाबाहेर काढला नव्हता. पण सगळंच परत येतं हे आता सिद्ध झालं होतं. स्वेटर हरसूलला गेला आणि आला नाही. परतीची मुदत संपायला आली, तेव्हा विक्रेत्याने गिऱ्हाइकाला तक्रार करण्याची विनंती करणारा बहुधा पहिलाच फोन तिने केला.

“गोटीराम बोलताय ना? स्वेटर घट्ट होत असेल.”

“व्हतो ना ताई. मला बसलाच नाय. मंग बापाला दिला.”

“त्यांना आवडला नसेल.”

“लय आवडला. अंगातून काढतच नाय.”

“त्याला वास येतो,” छायाने मालाची बदनामी सुरू केली.

“येतो की. बाप म्हणतो धुवायचा नाय, सर्दीला बरा हाय.”

मग तिने ठेवणीतला मुद्दा काढला. “खिशात बडीशेप होती.”

“ती खाल्ली त्यानं. आता रोज दोन्ही खिशात हात घालून बघतो. का वो, परत पायजे व्हती?”

मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, “आरं, तिकडची लाइट बंद कर आधी. कोनी नाय तिथं.”

नियम तिनेच केला होता. धनाडाळीला सवलत देता आली. खाल्लेल्या बडीशेपेबाबत तरतूद नव्हती. “नको,” छाया म्हणाली, “आता घेता येणार नाही.” फोन ठेवून तिने ‘व्यवहार पूर्ण’ हे बटण दाबलं. असं बटण ॲपवर आहे, हे तिला तेव्हाच कळलं. दुसऱ्या दिवशी हरसूलला बडीशेपेची एक पुडी रवाना झाली. तपशिलाच्या रकान्यात तिने ‘सुटे भाग’ असं लिहिलं.

हे वाचून हसलेल्यांनी आपापल्या कपाटात, ‘कुणालातरी देऊन टाकू’ म्हणत कधीचा अडकवून ठेवलेला जो एक शर्ट आहे, त्याच्या खिशात एकदा हात घालून पाहावा. काही निघालंच तर खाऊन टाकावं. शर्ट मापाचा नाही, ही तक्रार चालणार नाही. तुमची मुदत केव्हाच संपली आहे.