दगडूअण्णा कासवाने गाडी विकली, त्याची गोष्ट

एका जंगलात, मुलांनो, एक कासव राहत होतं आणि त्याच्याकडे गाडी होती. हसू नका. गाडी कासवाला नाही लागणार, तर काय हरणाला लागणार?

कासवाचं नाव दगडूअण्णा. अण्णा गाडी चालवायचे ती पहिल्या गिअरमध्ये. दुसरा गिअर असतो असं त्यांनी ऐकलं होतं, पण नसत्या भानगडीत पडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मागून मुंग्या ओरडायच्या, "अण्णा, बाजू द्या!" अण्णा बाजू द्यायचे.

पुढे वय झालं. मान बाहेर काढली की दुखायची, आत घेतली की रस्ता दिसायचा नाही. शेवटी अण्णांनी गाडी विकायला काढली.

गिऱ्हाईक आलं ते खंडू तरस. आल्या आल्या तो अण्णांच्या पायाच पडला. "अण्णा, तुमच्या हातची गाडी म्हणजे देवघरातली वस्तू!" अण्णा विरघळले. त्यांच्या बायकोने, शेवंताकाकूंनी, पोहे केले. खंडूने दोनदा मागून घेतले. मग पैसे रोख दिले आणि खिशातून नाव बदलायचा फॉर्म काढला. कोराच्या कोरा.

"सही तेवढी ठोका अण्णा, बाकीचं मी भरतो. आठवड्यात गाडी माझ्या नावावर झालीच म्हणून समजा."

काकूंनी अण्णांना आत बोलावलं. "अहो, आधी कचेरीत जाऊन नाव बदला, मग किल्ली द्या."

"अगं, तो आपल्याकडे पोहे खातोय! त्याच्या तोंडावर कसं म्हणू, की तुझ्यावर विश्वास नाही?"

झालं! भिडेपोटी अण्णांनी कोऱ्या फॉर्मवर सही केली. वर काकूंकडून नारळही देववला. खंडू हसत हसत गेला. तरस हसणारच म्हणा, पण हा जरा जास्तच हसत होता.

महिन्याभराने पहिली नोटीस आली. काकूंनी मोठ्याने वाचली. "श्री. दगडू कासव यांस. आपण घाटातून वाऱ्याच्या वेगाने गाडी हाकल्याबद्दल दंड." काकू हसत सुटल्या. इतक्या हसल्या की उताण्या पडल्या, आणि कासव उताणं पडलं की काय पंचाईत होते ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना सुलटं करण्यात अण्णांची अख्खी दुपार गेली.

मग आणखी नोटिसा आल्या. अस्वल झोपलेलं असताना त्याच्या गुहेबाहेर कर्कश हॉर्न. सिंहाच्या बागेतून गाडी घालून पळ काढणे. अण्णा बाजारात निघाले की लांडगे सरकून वाट देऊ लागले. बिबट्याने एकदा वाकून नमस्कार केला. खोटं कशाला सांगू, अण्णांना सुरुवातीला जरा गुदगुल्याच झाल्या.

आणि मग आली लाल शाईतली नोटीस. "अमावास्येच्या आत दंड भरून गाडी हजर करा. नाहीतर राहत्या घराला सील ठोकण्यात येईल."

आता सांगा, कासवाचं राहतं घर कोणतं? तेच ते, पाठीवरचं! अण्णांनी पाय आत घेतले, मान आत घेतली आणि आतूनच विचारलं, "अगं, सील ठोकतील तेव्हा मी आत असेन की बाहेर?"

या वेळी काकूंना हसू आलं नाही. त्या ढसाढसा रडल्या.

वाहन कचेरीत सगुणाबाई साळिंदर बसायच्या. कागद समोर आला की पाठीचा एक काटा उपटायचा आणि टाचणीसारखा टोचायचा, की झाली फाइल तयार.

"बाई, बघा माझ्याकडे," अण्णा म्हणाले. "मी वाऱ्याच्या वेगाने जाईन का हो?"

"वेग कागदावर आहे. तुम्ही कसे दिसता, ते कागदावर नाही."

"पण गाडी मी विकली!"

"मग नाव तुमचं कसं?" बाईंनी काटा टोचला. "घेणाऱ्याला घेऊन या."

अण्णा खंडूकडे निघाले. पोचेपर्यंत निम्मी मुदत संपली.

"अण्णा! मी तर ती केव्हाच विकली, रानडुकराला," खंडू म्हणाला. "तुमच्या सहीचा फॉर्म तसाच पुढे दिला. सही काय झकास आहे हो तुमची!"

रानडुकराने ती गुलब्या माकडाला विकली होती. गुलब्या टपावर बसून, खिडकीतून शेपटी आत सोडून स्टिअरिंग फिरवत होता. अण्णांनी त्याला हात जोडले. "बाबा रे, गाडी नावावर करून घे की तुझ्या."

"काय वेडबिड लागलंय काय अण्णा? मग दंड मला भरावा लागेल! आणि तो फॉर्म म्हणत असाल, तर त्याच्यावर आम्ही भजी खाल्ली."

अमावास्या उद्यावर आली. अण्णा रडकुंडीला येऊन पुन्हा कचेरीत गेले. सगुणाबाईंना त्यांची दया आली.

"अहो, सोपं आहे. कागदावर गाडी तुमचीच आहे ना? मग ती विकत घ्या."

काय करतात बिचारे! तळ्याकाठचं आंब्याचं झाड त्यांनी गुलब्याला दिलं आणि स्वतःचीच गाडी विकत घेतली. खंडूने दिलेले पैसे दंडात गेले. बाईंनी नोटिशीला शेवटचा काटा टोचला. "बघा! कागद पहिल्यापासून बरोबरच होता. तुम्हीच जरा मागे पडला होतात."

अण्णा घरी निघाले. अर्थातच पहिल्या गिअरमध्ये. नाक्यावर मुंगूस हवालदाराने अडवलं. त्याने गाडीचा नंबर बघितला, मग अण्णांकडे बघितलं.

"ही गाडी दगडूअण्णांची. जंगलातला सगळ्यात बेफाम ड्रायव्हर! तू कोण रे?"

"मीच दगडू."

"चल! मुंग्या पुढे गेल्या तुझ्या. खरे दगडूअण्णा असे चालवतात होय? चोरलीस तू गाडी. गाडी जप्त आणि तुझ्या घराला सील!"

पुन्हा घर! आता मात्र अण्णांचं डोकं फिरलं. आजवर सगळ्यांची भीड धरली, आता कुणाची म्हणून धरायची नाही! त्यांनी मान बाहेर काढली, दुखतेय तर दुखू दे म्हणाले, आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. मग तिसऱ्या. मुंग्या भराभर झाडावर चढल्या. अण्णांनी नाक्याला गरागरा फेऱ्या मारल्या, अस्वलाच्या गुहेपाशी हॉर्न दाबला, सिंहाच्या बागेतून आरपार गेले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "बाजू द्याऽऽ!" अरे, काय मजा आली त्यांना! जन्मात आली नव्हती.

मुंगूस आनंदाने टाळ्या पिटत होता. "हेच! हेच आमचे दगडूअण्णा! माफ करा साहेब, ओळखलं नाही." त्याने कडक सलाम ठोकला आणि दंडाची पावती फाडली.

अण्णा पावती नाचवतच घरात शिरले. "शेवंता, हा बघ! हा दंड माझा! स्वतः कमावलेला!"

"आणि घर?" काकूंनी धास्तावून विचारलं.

"पाठीवर आहे!"

काकू हसल्या, हसल्या आणि पुन्हा उताण्या पडल्या. अण्णांनी त्यांना झटक्यात सुलटं केलं. दुसऱ्या गिअरची सवय लागली होती ना!

तात्पर्य: कागद आणि आपण जुळत नसू, तर उगाच कागदाला त्रास देऊ नये; आपण वेग वाढवावा. आणि मुलांनो, गाडी दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत त्याला घरी पोहे देऊ नयेत. चहा चालेल, पण बिनसाखरेचा.