नवमीबाईने ओ दिली ती हकीकत

श्री. जो हाक मारितो त्यास नमन, आणि जो ऐकून गप्प राहातो त्यासही नमन, कारण त्याचे भय अधिक. शके अठराशे सत्याहत्तर, मन्मथनाम संवत्सरे, एका राज्यात (नाव घेण्याचे कारण नाही, ज्याचे त्यास कळेल) वर्तमान जाहले ते ऐसे जे, दोघी बहिणींतील एकीने हाक घातली आणि दुसरीने ओ दिली नाही, आणि तेवढ्यासाठी सगळ्या राज्याची झोप उडाली. साहेबी पुसिले की खालल्या पेठेचे गाणे वरल्या पेठेत चढले ते कैसे, तर आठवते तैसे लिहितो. संवत्सराचे नावच मन्मथ, तेव्हा फार दोष कोणास द्यावा.

राज्यात पेठा दोन. वरल्या पेठेत धनी लोक, आणि खालल्या पेठेत ज्यांच्या वाडवडिलांस समुद्रापलीकडून गलबतांत कोंबून, पायी बेड्या घालून आणिले ते लोक. बेड्या पुढे सरकारने काढविल्या, परंतु दोर ठेविला; जत्रा असो की नाचघर असो, मधोमध दोर ताणावा आणि वरल्यांनी एका अंगास व खालल्यांनी दुसऱ्या अंगास बसावे ऐसी ताकीद होती. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, म्हणतात ते हेच. तर खालल्या पेठेत एझ्राबुवा म्हणून भजनघराचे बुवा होते, त्यांस कन्या दोन, वडील नवमीबाई आणि धाकटी इस्तेरबाई. भजनघराची रीत ऐसी की एकाने देवास हाक घालावी, हाकेमागून श्वासभर जागा मोकळी सोडावी, आणि त्या जागेत झीलकऱ्याने ओ द्यावी. प्रत्येक हाकेचा झीलकरी ठरलेला. इस्तेरबाई हाक घाली आणि नवमीबाई ओ देई, आणि दोघींचे मिळून ऐसे काही होई की म्हातारी माणसे बाकांवरून उठून रडू लागत. जुने लोक बजावीत की ती जागा रिती ठेवू नये; जिवंताने ओ दिली नाही तर मेलेले देतात, आणि मेलेल्यांनी वारंवार ओ दिली म्हणजे हाक घालणारा हळूहळू त्यांच्यातला होतो. तरुण मंडळी हे ऐकून हसत असत.

या मुलींची आई दुरकसबाई. ती वरल्या पेठेत एका सरदाराच्या घरी स्वयंपाकास होती, आणि चाकराने मुदपाकखान्यातून आवाज काढू नये ऐसी त्या घरची शिस्त. मुली लहान असता दिवेलागणीस मागल्या भिंतीशी जाऊन "आई" म्हणून हाक मारीत, आणि आईस ओ देण्याची सोय नव्हती, म्हणून ती पातेल्याच्या काठावर पळी दोनदा वाजवी, आणि तेवढे ऐकून मुली घरी परतत. मग एके हिवाळ्यात ती त्याच घरी चुलीपुढे वारली. त्या भिंतीआडून तिने लेकींस एकदाही ओ दिली नाही, हे नवमीबाईच्या मनातून कधी गेले नाही.

पुढे हरलनशेट म्हणून वरल्या पेठेतील व्यापारी उदयास आले. लाखेच्या काळ्या तबकडीवर गाणे कोरावे, कर्ण्याच्या पेटीवर ते वाजवावे आणि घरोघर विकावे, हा त्यांचा धंदा. त्यांनी आधी खालल्या पेठेची गाणी आपल्याकडील एका गोमट्या गवयाकडून म्हणविली, आणि मोकळी म्हणून जी जी जागा होती ती वाजंत्री घालून भरून टाकिली. लोकांनी ऐकिली, पाय हलविले, जेवले आणि निजले. मग शेटजी स्वतः भजनघराच्या खिडकीशी येऊन उभे राहिले, आणि इस्तेरबाईची हाक ऐकून त्यांच्या हातची टोपी खाली पडली. ते म्हणाले की सूर हाच ठेवा, हाकही हीच ठेवा, फक्त देवाच्या जागी साजणाचे नाव घाला. इस्तेरबाई कबूल जाहली. तिचे म्हणणे ऐसे की आई भिंतीआड गप्प राहिली, आता आपला आवाज त्या भिंतीपलीकडे गेलाच पाहिजे, मग नाव कोणाचे का असेना. एझ्राबुवांनी तिला भजनघराचे दार बंद केले. नवमीबाई मात्र तोंडावर बोलिली.

"मी देवाच्या हाकेला ओ देते. तुझ्या साजणाला तुझी तू दे."

"देवाला कुठे, ताई," इस्तेरबाई म्हणाली, "ओ तू मला देत होतीस."

याउपर नवमीबाई तिच्या गाण्यास उभी राहिली नाही. शेटजींनी दुसऱ्या झीलकरणी बोलाविल्या, तर इस्तेरबाईने त्या परत धाडिल्या. जागा ताईची आहे, ती येईतो रितीच राहील, ऐसे तिने सांगितले, आणि शेटजींस काय त्याचे, त्यांनी तैसेच कोरिले. मायेपोटी माणूस जे करितो ते कधी कधी वैऱ्यासही सुचत नाही.

मग त्या तबकड्या वरल्या पेठेत गेल्या, आणि पहिल्याच संध्याकाळी बोभाटा जाहला. बैठकीत पेटी लावावी, यजमानांनी लोडास टेकून बसावे, हाक यावी आणि मागून ती मोकळी जागा यावी, तो दिव्याची वात आपोआप खाली जाई, कुत्री बाकाखाली शिरत, आणि मुदपाकखान्यात, जेथे चिटपाखरू नाही, तेथे पातेल्याच्या काठावर पळी दोनदा वाजे. ज्या ज्या घरी खालल्या पेठेचे चाकर राबून मेले त्या त्या घरी हे होई, आणि वरल्या पेठेत ऐसे न घडलेले घर एकही नव्हते. कोठे पळी, कोठे पाटा, कोठे विहिरीचा रहाट. थोरांनी तबकड्या फोडविल्या, उंबऱ्यावर लिंबे बांधिली, आणि अनोळखी हाकेस ओ देऊ नये, ऐसी पोराबाळांस शपथ घातली. परंतु मनाई केली म्हणजे गोडी दुप्पट. तरणी मुले दार लोटून तेच गाणे पुनःपुन्हा लावीत, आणि जागा आली की श्वास कोंडून बसत. ओ ओठांवर येई, आणि भयाने तेथेच राही. ऐसे गाणे घरोघर चढले, आणि कोणासही सुखाची झोप म्हणून लागेना.

इकडे इस्तेरबाईचे काय जाहले, तर ती नवमीबाईच्या डोळ्यांदेखत उणी होऊ लागली. उन्हात उभी राहिली तर तिची सावली पाणी घातलेल्या शाईसारखी फिकी पडे. आरशावर फुंकर घातली तर आरसा धूसर होईना. मांजर तिच्या मांडीवर बसत असे, ते आता तिच्याकडे न पाहाता शेजारून जाई. दिवे लागले की ती मान कलती करून म्हणे की पातेले वाजते आहे, ताई, ऐकू येते ना. नवमीबाईस काही ऐकू येत नसे. तिने दृष्ट काढिली, अंगारा लाविला, काढे पाजिले, सर्व केले, आणि जे एक करावयाचे तेवढे केले नाही. जीव तुटे, परंतु जीभ वळेना. मानी माणसाचे ऐसेच असते, घर जळेल पण आधी हाक तो मारणार नाही.

मग शेटजींनी मोठ्या नाचघरात गाण्याची बैठक ठरविली. मधोमध दोर ताणिला, शिपाई उभे केले, वरल्या पेठेची तरणी मंडळी एका अंगास दाटली आणि खालल्या पेठेची दुसऱ्या अंगास, आणि नवमीबाई डोईवर पदर ओढून दोराला लागून उभी राहिली. मी पाहावयास आल्ये, ओ द्यावयास नव्हे, ऐसे ती शेजारणीस म्हणाली. शेजारणीने विचारिले नव्हते. इस्तेरबाईने पहिली हाक घातली, जागा आली, आणि वर आढ्याशी, जेथे चूल नाही की भांडे नाही, पळी दोनदा वाजली. या खेपेस नवमीबाईनेही ऐकिली. दुसरी हाक जाहली, आणि पळी जवळ वाजली, आणि राखेचा व कढत वाफेचा वास सभेत पसरला, तो आईच्या लुगड्याचा वास. वरल्या पेठेची मंडळी एकमेकांचे हात धरून बसली. इस्तेरबाईकडे पाहावे तो तिच्या अंगातून पाठीमागच्या पडद्याच्या चुण्या दिसू लागल्या.

तिसरी हाक तिने देवास घातली नाही आणि साजणासही घातली नाही. ती नुसते "आई" म्हणाली, भिंतीशी उभी राहून म्हणत असे तैसेच. आणि मग पळी वाजली नाही. त्या मोकळ्या जागेत कोणी श्वास घेतला, पुष्कळ वर्षांनी बोलू पाहाणारे माणूस घेते तैसा, आणि तो साऱ्या सभेने ऐकिला. नवमीबाई समजली. जन्मभर अडविलेली ती ओ आता येत होती, आणि ती ऐकावी म्हणून नवमीबाईचा प्राण कासावीस जाहला, आणि ती आली म्हणजे इस्तेर जाणार, हेही तिला कळले. तिने दोर दोन्ही हातांनी धरिला.

"आई, तू राहू दे," ती म्हणाली. "मी आहे."

आणि तिने ओ दिली. भजनघरात देत असे त्याहून मोठी दिली. तो कोंडलेला श्वास जेथल्या तेथे विरला, आणि दोराच्या पलीकडे, इतके दिवस ओठांवर धरून बसलेल्या वरल्या पेठेच्या पोरांनी एका दमाने ओ दिली, आणि मग अलीकडून आली, आणि कोठून कोणाची हे कळेनासे जाहले. शिपाई दोर शोधू लागले तो दोर पायांखाली होता. इस्तेरबाईची सावली लाकडी फळ्यांवर काळीभोर पडली, आणि ती खोकली आणि पाणी मागितले.

त्या दिवसापासून शेटजी तबकडीवर हाकेबरोबर ओदेखील कोरू लागले. वरल्या पेठेची घरे शांत जाहली, दिवे नीट जळू लागले, आणि दोन पिढ्यांत लोक ऐसेही म्हणू लागले की हे गाणे मूळचे आमचेच. म्हणोत. इस्तेरबाई पुष्कळ जगली आणि राज्यभर गाइली. नवमीबाई तिच्या डाव्या हाताला उभी राहून ओ देत गेली. मात्र घरी असली म्हणजे दिवेलागणीस ती स्वयंपाकघरात एकटी जाई, आणि पातेल्याच्या काठावर पळी दोनदा वाजवी, आणि मान कलती करून उभी राही. परत कधी काही वाजले नाही.

एणेप्रमाणे हाक खालून वर गेली, दोर गेला, आणि गाणे सर्वांचे जाहले. त्या जागेत आज सारे राज्य ओ देते. जिची पाळी होती त्या आईची तेवढी राहिली.